शीघ्रपतनावरील बधिरक मलमे

शिश्नमुंडाची स्पर्शसंवेदना काही काळ मंद करून वीर्यस्खलन लांबविण्यासाठी वरून लावण्याची औषधे. मलम, जेल व फवारा या रूपांत ती मिळतात. घटक बहुधा लिडोकेन (लिग्नोकेन), प्रिलोकेन किंवा बेंझोकेन.

या उपचाराचे श्रेय सामान्यतः डॉक्टर बर्नार्ड शापिरो यांच्या १९४३ मधील १,१३० रुग्णांच्या आढाव्याला देतात. त्यांनी लिडोकेन वापरले असे मात्र समजू नये. स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी शोधलेले ते द्रव्य बाजारात आले १९४८ च्या सुमारास. तेव्हा शापिरो यांचे मलम आधीच्या एखाद्या बधिरकाचे असले पाहिजे.

उपचारामागील गृहीतकही वादग्रस्त आहे. शिश्नमुंड अतिसंवेदनशील असल्याने स्खलन लवकर होते, हे एक मत. पण कंपनसंवेदना मोजणाऱ्या चाचण्यांचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत. मेंदूतील सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनाच्या कार्यात कारण शोधणारे डच मनोविकारतज्ज्ञ वाल्डिंगर प्रभृतींचे मत आजन्म (लैंगिक जीवनाच्या आरंभापासून असलेल्या) शीघ्रपतनाला अधिक लागू पडते. मलमाने गुण येतो म्हणून पहिले मत सिद्ध होत नाही. संवेदना मंदावली की स्खलन लांबावे, हे मूळ कारण कोणतेही असले तरी अपेक्षितच आहे.

बधिरके चेतातंतूंतील सोडियम वाहिन्या रोखतात. त्यामुळे स्पर्शाचा संदेश पुढे जात नाही. लिडोकेन व प्रिलोकेन सुटी असताना स्फटिकरूप असतात. समप्रमाणात मिसळली की मिश्रणाचा वितळबिंदू सुमारे १८° सें.पर्यंत उतरतो आणि त्याचे तेल होते. ते त्वचेत सहज मुरते. प्रत्येकी २.५ टक्के प्रमाणाचे मलम याच तत्त्वावर बनते. ते किती वेळ ठेवावे हा नाजूक भाग आहे: २००२ मधील एका छोट्या तुर्की अभ्यासात २० मिनिटांनी लाभ दिसला, ३० मिनिटांनंतर अनेकांची आणि ४५ मिनिटांनंतर सर्वांचीच ताठरता गेली.

युरोपीय संघाने २०१३ मध्ये मान्य केलेल्या फवाऱ्यात एका दाबात ७.५ मिग्रॅ. लिडोकेन व २.५ मिग्रॅ. प्रिलोकेन असते, तीन दाब मारून पाच मिनिटांनी पुसतात.

मलम पुसले वा धुतले नाही, तर जोडीदारालाही बधिरपणा येतो. निरोध वापरला तर हे टळते. मात्र या फवाऱ्याने पॉलियुरेथेनचे निरोध खराब होतात. प्रिलोकेनमुळे रक्तात क्वचित मेथहीमोग्लोबिन (ऑक्सिजन वाहून नेऊ न शकणारे हीमोग्लोबिन) वाढते, म्हणून जी-६-पीडी या एन्झाइमाची कमतरता असलेल्यांनी ते टाळावे. कोरियात नऊ नैसर्गिक अर्कांचे एक मलमही तपासले गेले आहे. त्याने काहींना सौम्य जळजळ होते.