पोटातल्या इंजेक्शनचा बुडबुडा काढू नका

"भाऊ, याच्यात हवा हाये. दुसरं द्या ना जी." असं म्हणत भरलेल्या सिरिंजचं खोकं परत घेऊन येणारे आमच्या मेडिकलच्या काउंटरवर कमी नाहीत. कोणी तर दूरच्या खेड्यातून भर उन्हात गाडी हाणत येतो. म्हणून हा कागद. खोक्यासोबत घरी न्या आणि सुई देणार असेल त्यालाच वाचायला द्या.

नागपूर-सेवाग्रामहून हार्टचा पेशंट सुट्टी होऊन येतो, तेव्हा चिठ्ठीत कधीकधी एनॉक्सापॅरिनच्या भरलेल्या सिरिंज असतात. हे औषध रक्तात गुठळी होऊ देत नाही. सिरिंजमधला बुडबुडा कंपनीतच ठेवलेला असतो. सुई खाली करून टोचली की तो वर, दट्ट्याकडे जातो आणि शेवटचा थेंब आत ढकलतो. शिरेत हवा गेली तर माणूस दगावतो, ही भीती आम्हाला समजते. पण ही सुई शिरेत द्यायचीच नाही, पोटाच्या चरबीत द्यायची आहे. तिथं एवढ्याशा हवेनं काही बिघडत नाही. बिघडतं ते सवयीनं सिरिंज उभी धरून, टिचकी मारून दट्टा दाबल्यावर. ४० मिलिग्रॅमच्या सिरिंजमध्ये औषध असतं जेमतेम ०.४ मिलिलिटर, त्यातलं थोडंही उडालं तर डोस कमी पडला. शिवाय टोपण काढलेली सिरिंज आम्हाला बदलून देता येत नाही. त्यावरून कृपया वाद घालू नका.

डॉक्टरांनी सिरिंजमधलं अर्धंमुर्धं औषध द्यायला सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. डोस वजन आणि किडनी पाहून ठरतो. नेमका किती आणि कसा काढायचा, हे सुट्टी घेतानाच सिस्टरकडून शिकून स्वतःच्या हातानं करून बघा. अंदाजानं करू नका.

टोचायची जागा बेंबीपासून दोन इंच दूर, आज डावीकडे तर उद्या उजवीकडे. पेशंटला आडवं करा, कातडीची घडी चिमटीत धरा, सुई सरळ पूर्ण आत घाला, दट्टा सावकाश दाबा आणि सुई बाहेर येईपर्यंत चिमूट सोडू नका. नंतर चोळायचं नाही. चोळलं की निळंकाळं होतं. थोडा निळा डाग तसाही पडतो, त्याला घाबरू नका.

सर्वांत जास्त काळजी इथं घ्या: हे इंजेक्शन चालू असताना अंग दुखतं म्हणून गावात कमरेत सुई टोचून घेऊ नका, आत रक्त साकळतं. डायक्लोफिनॅकसारखी दुखण्याची गोळीही मनानं नको. आमच्याकडे मागाल तर आम्ही देणार नाही, मग राग आला तरी चालेल. काळी शौच, लघवीत रक्त, न थांबणारा घोळणा किंवा डोक्याला मार लागला तर १०८ ला फोन लावा. एखादा डोस चुकला तर दोन एकदम देऊ नका, डॉक्टरांना विचारा.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. सिरिंज गाडीच्या डिक्कीत किंवा पत्र्याखाली ठेवू नका, आणि बर्फाच्या कप्प्यात तर अजिबात नको. गोठलेलं औषध फेकायचंच. म्हणून आम्ही म्हणतो, दोन-तीन दिवसांचीच न्या. बाकीची तुमच्या नावानं आमच्या एसीत राहतील, पैसे नेताना द्या. चिठ्ठी मात्र दर वेळी आणा. दुकानात बसूनच सुई कशी धरायची ते दाखवतो, त्याचे पैसे नाहीत.

माळकरी मंडळी विचारतात म्हणून सांगतो: हे औषध डुकराच्या आतड्यापासून बनतं. लपवायचं काही नाही. चालत नसेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, प्राण्यापासून न बनलेलं फोंडापॅरिनक्स आहे. ते चालेल की नाही हे तेच ठरवतील. लिहून दिलं तर आम्ही मागवून देऊ.

वापरलेल्या सुया उकिरड्यावर टाकू नका, शेण भरणाऱ्या बाईच्या हाताला लागतात. पत्र्याच्या डब्यात जमवा आणि पुढच्या फेरीत आमच्याकडे आणा.