लिनक्सचा डेस्कटॉप बदलला की आत नक्की काय बदलतं?

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून ओळखीतले लोक मागे लागलेत की लॅपटॉप ठणठणीत आहे रे, फक्त विंडोज 11 घेत नाहीये, लिनक्स टाकून दे. टाकून देतो. मग काही दिवसांनी कोथरूडहून नाहीतर हडपसरहून फोन येतो की चालतंय मस्त पण दिसायला आवडलं नाही, खाली पट्टी नाही, स्टार्टचं बटण नाही, तू आता दुसरं लिनक्स टाक.

तर दुसरं लिनक्स टाकायची गरज नसते. आपण ज्याला लिनक्स म्हणतो त्यातला डोळ्यांना दिसणारा भाग म्हणजे पट्टी, मेनू, खिडक्यांच्या कडा, सेटिंग्जचं पान, फाइल्स दाखवणारा प्रोग्राम, हे सगळं वेगळं सॉफ्टवेअर आहे, त्याला डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट म्हणतात. लिनस टोरवाल्ड्सने 1991 मध्ये जे सोडलं ते कर्नल, म्हणजे हार्डवेअर सांभाळणारा आतला गाभा, त्याला खिडकी म्हणजे काय हेही ठाऊक नसतं. नोम, केडीई प्लाझ्मा, एक्सएफसीई, सिनॅमन, माटे, एलएक्सक्यूटी ही सगळी त्याच्यावर बसणारी मंडळी आहेत, आणि एकाच मशीनवर यातली दोन-तीन एकत्र राहू शकतात.

असं जमतं कसं याचं उत्तर 1984 मध्ये आहे. एमआयटीत तेव्हा एक्स विंडो सिस्टिम सुरू झाली, तिची 11 वी आवृत्ती 1987 मध्ये आली आणि आज आपण एक्स 11 म्हणतो ती तीच. ती बनवणाऱ्यांनी ठरवलं की एक्सने स्क्रीनवर रेघा-चौकोन काढायचे, माउस आणि कीबोर्डकडून आलेलं योग्य प्रोग्रामकडे पोचवायचं, बस, खिडकी कशी दिसावी, बंद करायचं बटण डावीकडे का उजवीकडे यात त्याने तोंड घालायचं नाही. ते काम विंडो मॅनेजर नावाच्या वेगळ्या प्रोग्रामचं. म्हणजे इतकं वेगळं की एक्सवर विंडो मॅनेजर मुद्दाम बंद केलात तर खिडक्यांच्या डोक्यावरची पट्टी गायब होते, खिडकी सरकवता येत नाही, पण आतलं गाणं वाजत राहतं, अर्धवट टाइप केलेलं पत्र तसंच राहतं, मग दुसरा विंडो मॅनेजर सुरू करा की पट्ट्या परत हजर. मला तरी हा लिनक्सवरचा सगळ्यात मजेदार प्रयोग वाटतो, आणि मोडत काही नाही.

आता एवढं मोकळं रान मिळाल्यावर भांडणं होणारच. जर्मनीतल्या ट्युबिंगन विद्यापीठातल्या मथियास एट्रिख या विद्यार्थ्याने 1996 मध्ये केडीईची घोषणा केली (तारीख बघा, 14 ऑक्टोबर, विंडोज 10 ची पुण्यतिथी आणि केडीईचा वाढदिवस एकच). पण केडीई ज्या क्यूटी नावाच्या, बटणं-खिडक्या बनवायच्या तयार सामानावर उभं होतं त्याचं लायसन्स तेव्हा पुरतं मुक्त नव्हतं, म्हणून 1997 मध्ये मिगेल दे इकाझा आणि फेडेरिको मेना यांनी जीटीके नावाच्या तशाच दुसऱ्या सामानावर नोम सुरू केलं. क्यूटीचं लायसन्स 2000 मध्ये सुधारलं पण तोवर दोन घराणी झालेली होती, ती राहिलीच. पुढे 2011 मध्ये नोम 3 आलं, त्यात जुनी पट्टी-मेनू पद्धत मोडीत काढली, लोक चिडले, त्या चिडीतून जुनं नोम 2 जिवंत ठेवणारं माटे निघालं आणि लिनक्स मिंटवाल्यांचं सिनॅमन निघालं (मिंट, उबुंटू, डेबियन, फेडोरा हे लिनक्सचे बांधून दिलेले तयार संच). विंडोजवरून येणाऱ्या माणसाला मी अजूनही सिनॅमन किंवा प्लाझ्माच देतो. नोम वाईट नाहीये, पण वीस वर्षांची हाताची सवय मोडायला लावतं.

प्रत्यक्ष बदलायचं म्हणजे फार काही नाही. समजा उबुंटू आहे तर पॅकेज मॅनेजरला, म्हणजे सॉफ्टवेअर आणून बसवणाऱ्या प्रोग्रामला, कुबुंटू-डेस्कटॉप हे प्लाझ्माचं पॅकेज मागायचं, डेबियनवर टास्कसेल नावाचा प्रोग्राम आहे त्यात हवं त्यावर खूण करायची. मधेच एक निळा-करडा पडदा येऊन विचारतो की जीडीएम ठेवू का एसडीडीएम, लोक इथे घाबरतात, पण तो प्रश्न फक्त लॉगिनचं पान कोणी दाखवायचं एवढ्यापुरता आहे, काहीही निवडा. मग लॉगआउट करायचं, जीडीएम असेल तर आपल्या नावावर क्लिक केल्यावर कोपऱ्यात दातेरी चाक दिसतं, त्यात सगळ्या सेशन्सची, म्हणजे मशीनवर असलेल्या डेस्कटॉपांची, यादी असते. ही यादी कुठून येते? यूएसआर फोल्डरच्या आत शेअर, त्याच्या आत एक्ससेशन्स आणि वेलँड-सेशन्स नावाचे दोन फोल्डर असतात, प्रत्येक डेस्कटॉप तिथे काही ओळींची एक फाइल टाकतो, त्यात नाव आणि कुठला प्रोग्राम चालू करायचा ते. लॉगिनचं पान त्या फाइल्स वाचतं आणि तुम्ही निवडलेला प्रोग्राम चालू करतं.

घोळ होतो तो नंतर. दोन्ही डेस्कटॉप वेगवेगळे असले तरी तुमचं होम फोल्डर एकच असतं, म्हणजे कर्वेनगरच्या फ्लॅटवर चार पोरं आणि एकच फ्रिज तसं. नोम आपल्या बऱ्याचशा सेटिंग्ज डीकॉन्फ नावाच्या एका फाइलमध्ये ठेवतं, प्लाझ्मा बऱ्याच छोट्या फाइल्समध्ये, पण दोघांचा पत्ता तोच, होममधलं कॉन्फिग नावाचं लपलेलं फोल्डर. फॉन्ट, माउसच्या बाणाची थीम, कुठली फाइल कशात उघडायची, हे काही प्रमाणात सामायिक असतं. म्हणून प्लाझ्मात दोन दिवस घालवून परत नोममध्ये आलात की बाण वेगळाच दिसतो, काही खिडक्या काळ्या काही पांढऱ्या, पीडीएफ भलत्याच प्रोग्राममध्ये उघडते. शिवाय मेनूत दोन-दोन फाइल मॅनेजर, दोन-दोन टर्मिनल. यावर सोपा उपाय, नवा डेस्कटॉप नुसता चाखून बघायचा असेल तर मशीनवर नवा यूजर बनवा आणि त्याच्या नावाने लॉगिन करा, तुमच्या फ्रिजला कोणी हात लावणार नाही.

माझ्या मावशीचं मिंट बदलून तिच्या हट्टापायी नोमवालं फेडोरा दिलं तेव्हा पाचव्या मिनिटाला ओरडली, "अरे, माझे फोटो कुठे गेले सगळे?" फोटो जागेवरच होते, डेस्कटॉप नावाच्या फोल्डरमध्ये, फक्त साधं नोम त्या फोल्डरातल्या गोष्टी पडद्यावर मांडतच नाही. फाइल मॅनेजर उघडून दाखवल्यावर शांत झाली. (उबुंटूवर दिसतात, कारण त्यांनी वरून एक एक्स्टेन्शन जोडलंय.)

याहून गोंधळात टाकणारं प्रकरण पासवर्डचं. क्रोम सेव्ह केलेले पासवर्ड आणि कुकीज कुलूपबंद ठेवतो आणि त्याची किल्ली डेस्कटॉपच्या तिजोरीत टाकतो, नोममध्ये ती तिजोरी नोम कीरिंग, प्लाझ्मात केवॉलेट. डेस्कटॉप बदलला की क्रोम नव्या तिजोरीत किल्ली शोधतो, तिथे ती नसते, आणि तुम्ही सगळ्या साइट्सवरून लॉगआउट झालेले. माणसाला वाटतं हॅक झालं! झालेलं काही नसतं, जुन्या सेशनमध्ये परत गेलात तर बहुतेक वेळा सगळं सापडतं, पण बदलायच्या आधी पासवर्डची प्रत काढून ठेवलेली बरी.

"हलका डेस्कटॉप टाक म्हणजे लॅपटॉप पळेल" हे मला अर्धंच पटतं. एक्सएफसीई, एलएक्सक्यूटी नोमपेक्षा कमी मेमरी घेतात हे खरं, फरक काहीशे एमबीचा पडतो, आणि 4 जीबीच्या मशीनवर तो कळतो सुद्धा. पण ब्राउजरमध्ये चार जड टॅब उघडले की ते सगळं तिकडे जातं. जुनी फिरती हार्डडिस्क काढून पुण्यातल्या तपकीर गल्लीतून एक साधी एसएसडी आणून बसवली तर जो फरक पडतो तो कुठलाही डेस्कटॉप बदलून पडत नाही.

आणि आता मूळचा तो मोकळेपणाच बदलत चाललाय. एक्समध्ये कुठलाही प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्राममध्ये तुम्ही काय टाइप करताय ते गुपचूप वाचू शकतो, 1987 मध्ये कोणाला त्याचं काही वाटलं नसेल, पण आज त्याच मशीनवर बँकेचं पान उघडं असतं. क्रिस्टियन होग्सबर्गने 2008 मध्ये सुरू केलेलं वेलँड हे बंद करतं, पण त्यासाठी चित्र काढणारा आणि खिडक्या सांभाळणारा असे दोन वेगळे प्रोग्राम न ठेवता एकच ठेवतं, त्याला कंपोझिटर म्हणतात, आणि तो प्रत्येक डेस्कटॉपचा स्वतःचा. म्हणजे विंडो मॅनेजर बंद करून बघायचा माझा आवडता प्रयोग इथे चालत नाही, कंपोझिटर पडला की सहसा उघडे प्रोग्रामही पडतात (प्लाझ्मा 6 मध्ये क्यूटीवाले प्रोग्राम वाचवायची सोय केलीये). आणि आधी जी कामं एक्स सगळ्यांसाठी करायचं, स्क्रीन शेअर करणं, रंग, कीबोर्ड, ती प्रत्येकाला आपापली करावी लागतात, त्यामुळे एका डेस्कटॉपवर मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर होतो आणि दुसऱ्यावर त्याचं पोर्टलचं (प्रोग्रामला स्क्रीन बघायची परवानगी मिळवून देणारं) पॅकेज टाकायचं राहिलं म्हणून होत नाही, असं घडतं. 2025 मध्ये आलेल्या नोम 49 मध्ये तर एक्सचं सेशन मुळातच बंद ठेवलेलं आहे. सुरक्षेसाठी हे बरोबरच आहे, पण आता डेस्कटॉप बदलणं म्हणजे आधीपेक्षा बराच मोठा भाग बदलणं झालंय.

याचा चटका आपल्याला बसतो तो मराठी टाइप करताना. इनस्क्रिप्टवाल्यांना त्रास कमी, त्यात एक बटण दाबलं की ठरलेलं अक्षर येतं, तो नुसता कीबोर्डचा नकाशा असतो आणि कुठल्याही डेस्कटॉपच्या सेटिंग्जमध्ये मिळतो. पण रोमन अक्षरं दाबून देवनागरी उमटवणाऱ्यांना मध्ये आणखी एक प्रोग्राम लागतो, आयबस किंवा एफसीआयटीएक्स. नोममध्ये आयबस आतच बसवलेलं आहे, सेटिंग्जमध्ये कीबोर्डखाली मराठीचा फोनेटिक पर्याय जोडा (दिसत नसेल तर आधी आयबस-एम17एन हे पॅकेज टाका) आणि टाइप करा. वेलँडवरच्या प्लाझ्मात मात्र हा प्रोग्राम वेगळा टाकून सिस्टिम सेटिंग्जमध्ये तो निवडावा लागतो, आणि ते बटण त्यांनी व्हर्च्युअल कीबोर्ड या नावाखाली ठेवलंय, जिथे ते कोणी शोधायला जाणार नाही.