एका पॉइंटाने पुढे

वेगळ्या विदर्भाचा विषय निघाला की चर्चा दोन मिनिटांत अनुशेषावर येते. जणू निधी चुकता केला की मागणीच विरून जाईल! पैसा खोटा नाही, पण माणसं हिशेब वेगळाच मांडतात. हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने तो कागदावर पकडला.

ताजफेल पोलंडमधला ज्यू. महायुद्धात जर्मनांचा कैदी होता. सुटून आला तेव्हा घरचं जवळजवळ कुणी उरलं नव्हतं. पुढे ब्रिस्टलमध्ये त्याने चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांना क्ले आणि कँडिन्स्की या चित्रकारांची चित्रं नावं न सांगता दाखवली. आवडीनुसार दोन गट पाडलेत असं सांगितलं. खरं तर गट कसेही पाडले होते. आपल्या गटात कोण, हे कुणालाच ठाऊक नाही, नुसते क्रमांक. मग प्रत्येकाने एका आपल्या आणि एका परक्या क्रमांकाला पॉइंट वाटायचे. दहा पॉइंटांना एक पेनी. वाटणाऱ्याला स्वतःला त्यातलं काही नाही.

आता तक्ता बघा, त्यातल्या एकाच जोडीवर खूण करायची. एका टोकाला आपल्या गटातल्याला ७, परक्याला १. मधोमध १३-१३. दुसऱ्या टोकाला आपल्याला १९, परक्याला २५. आपल्या गटाचं भलं हवं तर १९ घ्यावेत. एकूण बेरीजही तिथेच सर्वांत मोठी. पण मुलं तिथून मागे सरकली. १२-११ वर खूण करणारा मुलगा आपल्याच माणसाचे सात पॉइंट घालवतो, कशासाठी? तर एकाने पुढे राहायला. हे निष्कर्ष १९७१ मध्ये छापून आले. फुटीरपणा ‘त्यांच्या रक्तातच’ असतो म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं, ही मुलं एकाच शाळेतली होती.

अर्थात वर्गातल्या तक्त्यावरून देश उलगडत नाहीत. तरी १९९० चा चेकोस्लोव्हाकिया आठवतो. कम्युनिस्ट राजवट नुकती गेलेली, आणि संसदेत भांडण कशावरून, तर देशाच्या नावात मधे आडवी रेघ हवी की नको! रेघ असली की ‘स्लोव्हाकिया’ वेगळा दिसतो, म्हणून स्लोव्हाकांना ती हवी. चेकांना ती खुपणारी. मार्चमध्ये तोडगा निघाला: चेक मजकुरात रेघ नाही, स्लोव्हाक मजकुरात आहे. संघराज्याच्या तिजोरीतून पैसा स्लोव्हाकियाकडेच वाहत होता, म्हणजे वेगळं झाल्यावर त्यांचा तोटाच होणार होता. शेवटी देशाची वाटणी ठरवली ती नेत्यांनी, चेकांचे क्लाउस आणि स्लोव्हाकांचे मेचियार यांनी. सार्वमत झालंच नाही. रेघेचा तोडगा मात्र महिनाभरही टिकला नव्हता. एप्रिलमध्येच नाव बदलून ‘चेक आणि स्लोव्हाक संघराज्यीय प्रजासत्ताक’ केलं होतं. त्या ‘आणि’वर १ जानेवारी १९९३ ला दोन देश होईपर्यंत निभावलं.