छत्री उघडण्याआधी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरीच्या एखाद्या जुन्या मागाकडे मान वर करून पाहा. भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं माळेसारखी फिरत असतात. कुठला धागा उचलायचा, कुठला सोडायचा, हे त्या भोकांवर ठरतं. हे जेकार्ड. माळ बदलली की मोराच्या जागी कमळ.

अँटिबॉडी, म्हणजे रोगजंतूंना धरणारं आपल्या शरीरातलं प्रोटीन, घडते ती थोडी अशीच. तिच्या मोठ्या साखळीसाठी पेशीजवळ जनुकांच्या तुकड्यांचे तीन ढीग असतात, साधारण 40, 23 आणि 6 तुकड्यांचे. प्रत्येकातला एकेक उचलून जोडला तरी साडेपाच हजार नमुने होतात. लहान साखळीचे आणखी वेगळे. हे कोडं सोडवल्याबद्दल सुसुमु टोनेगावा यांना 1987 चं नोबेल मिळालं. फरक एवढाच, की कारखान्यात डिझाइन आधी ठरतं. शरीर मात्र आंधळेपणानं विणत सुटतं आणि कामी आला तोच माल वाढवतं.

बाळाची छाती घरघरू लागली की आपल्याकडे 'छाती भरली' म्हणून ओव्याची पुरचुंडी शेकायला घेतात. (धाप लागली असेल तर ओव्यात वेळ घालवू नये, सरळ डॉक्टर गाठावा.) त्यामागे बऱ्याचदा आरएसव्ही नावाचा विषाणू असतो. 1956 मध्ये तो पहिल्यांदा सापडला तो सर्दी झालेल्या चिंपांझींमध्ये! दोन वर्षांचं होईपर्यंत जवळपास प्रत्येक मुलाला तो एकदा तरी गाठतो.

त्याच्या पृष्ठभागावरचं एफ प्रोटीन म्हणजे बटणाची छत्री. मिटलेली असते तेव्हा आखूड. चाप सुटला की झटकन लांबते, टोक आपल्या पेशीत खुपसते, मग मध्येच दुमडून विषाणूचं आणि पेशीचं आवरण एकमेकांत ओढून घेते. एकदा उघडली की पुन्हा मिटत नाही.

अँटिबॉडी या प्रोटीनला धरते कशी? तिच्या प्रत्येक हाताच्या टोकाला सहा वळसे असतात. ते समोरच्या उंचसखल भागात नेमके बसले, की बारीकसारीक आकर्षणं एकवटतात. गवतातून चालताना धोतराला कुसळं लागतात तसं. एक कुसळ सहज निघतं, शंभर लागली की धोतर सोडवता सोडवत नाही.

पण धरणं वेगळं आणि अडवणं वेगळं. हे कळायला फार मोठी किंमत मोजावी लागली. 1966 च्या सुमारास अमेरिकेत फॉर्मॅलिननं मारलेल्या आरएसव्हीची लस बाळांना देऊन पाहिली. अँटिबॉडी झाल्या. मात्र एका चाचणीत, लस घेऊनही ज्यांना पुढे संसर्ग झाला, त्यांतल्या 80 टक्के बाळांना रुग्णालयात न्यावं लागलं. दोन दगावली. लसीतल्या छत्र्या बहुतेक उघडलेल्या होत्या. त्या पाहून शिकलेल्या अँटिबॉडी विषाणूला चिकटत, पण रोखत नसत. उलट फुप्फुसात दाह भडकला.

2013 मध्ये जेसन मॅक्लेलन, बार्नी ग्रॅहम आणि पीटर क्वाँग यांच्या गटानं मिटलेल्या एफचा आकार टिपला. त्यासाठी डी25 नावाची मानवी अँटिबॉडीच कामी आली. ती मिटलेल्या छत्रीचा शेंडाच पकडते, म्हणून चाप सुटत नाही. छत्री उघडली की तिची पकडायची ती जागाच मोडून जाते. मग या गटानं एफला गंधकाच्या बंधाचा एक जादा टाका घातला, आतल्या पोकळीत पाचर मारली आणि त्याला मिटलेलंच ठेवलं. पुण्यात बनलेल्या कोव्होव्हॅक्समधलं कोरोनाचं स्पाइक प्रोटीनही प्रोलिन नावाची दोन अमिनो आम्लं बसवून असंच जखडलेलं होतं. कोव्हिशील्डमध्ये हा टाका नव्हता.

2023 मध्ये अमेरिकेत मिटलेल्या एफच्या लसींना मान्यता मिळाली, वृद्धांसाठी आणि गरोदर स्त्रियांसाठी. आईच्या अँटिबॉडी वारेतून बाळाकडे जातात. ज्या बाळाला त्या मिळाल्या नाहीत, त्याच्यासाठी निर्सेविमॅब नावाची तयार अँटिबॉडी आहे. ती डी25 वरूनच घडवलेली. तिच्या शेपटीकडे तीन अमिनो आम्लं बदलली आहेत, म्हणून एक इंजेक्शन पाचेक महिने पुरतं.