सीआयएच व्हायरसने पीसी जाळले नव्हते

२६ एप्रिल १९९९. कोरिया, तुर्कस्तान आणि आशियात इतर बऱ्याच ठिकाणी त्या दिवशी पीसी हँग झाले, आणि परत चालू केले तर स्क्रीन काळी ती काळीच. हा सीआयएच व्हायरस. तैवानमधल्या चेन इंग-हाउ नावाच्या विद्यार्थ्याने १९९८ मध्ये लिहिलेला, नावात त्याचीच आद्याक्षरं. चर्नोबिल अपघाताची तारीखही २६ एप्रिल, म्हणून लोक त्याला चर्नोबिल व्हायरस म्हणायला लागले.

व्हायरस जेमतेम १ केबीचा. विंडोजच्या ईएक्सई फाइलमध्ये, म्हणजे प्रोग्राम ज्यात असतो त्या फाइलमध्ये, कोडचे आणि डेटाचे वेगवेगळे भाग असतात, आणि प्रत्येक भाग ठरलेल्या मापात बसवायचा म्हणून शेवटी थोडी जागा रिकामी राहते. भरलेल्या एसटीत एकच कुटुंब मिळेल त्या सीटवर विखरून बसतं ना, तसा सीआयएच स्वतःचे तुकडे करून या रिकाम्या जागांमध्ये बसायचा, त्यामुळे फाइलची साइज एक बाइटनेही वाढायची नाही आणि साइज बघून व्हायरस पकडणाऱ्याला काही कळायचंच नाही.

फाइल चालवली की आधी व्हायरस चालणार, मग मूळ प्रोग्राम, म्हणजे समोर बसलेल्याला सगळं नेहमीसारखंच दिसतं. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये प्रोसेसरचं इंटरप्ट टेबल (कुठली घटना घडली की कुठला कोड चालवायचा याची यादी) साध्या प्रोग्रामलाही बदलता यायचं, माझ्या मते खरी चूक इथेच होती, कारण ते बदलून सीआयएच थेट कर्नलचे, म्हणजे विंडोजच्या गाभ्याचे, अधिकार मिळवायचा आणि मेमरीत ठाण मांडून बसायचा. मग जी ईएक्सई उघडाल ती इन्फेक्ट. विंडोज एनटीवर ही युक्ती चालत नव्हती.

तारीख आली की दोन घाव. पहिला, हार्ड डिस्कच्या सुरुवातीपासूनचा १ एमबी भाग पुसून टाकायचा, त्यात पार्टिशन टेबल, म्हणजे डिस्कचे भाग कुठून कुठे आहेत याची नोंद, गेलं. दुसरा, मदरबोर्डवरच्या फ्लॅश बायॉसमध्ये, म्हणजे पीसी सुरू करणारा प्रोग्राम ज्या चिपमध्ये असतो तिच्यात, कचरा लिहायचा. हे सगळ्या बोर्डांवर जमायचं नाही, पण जिथे जमलं तिथे पीसी सुरूच होईना.

म्हणून व्हायरसने हार्डवेअर जाळलं असं लोक अजूनही सांगतात, ते मला पटत नाही. चिप धडधाकट असायची, फक्त आतला प्रोग्राम गेलेला, तो प्रोग्रामर नावाच्या चिप लिहायच्या यंत्रावर परत लिहिला की बोर्ड चालू. काही बोर्डांवर बायॉस लॉक करायचा जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारा छोटा तुकडा, असायचा, तो लावलेला असता तर एवढंही झालं नसतं.

डेटाचंही तसंच. एफएटी३२, म्हणजे विंडोज ९८ ची डिस्कवर फाइल्स मांडायची पद्धत, तिच्यात फाइल टेबलच्या (कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे त्या नोंदीच्या) दोन कॉप्या असतात, पार्टिशन मोठं असेल तर दुसरी कॉपी त्या पहिल्या १ एमबीच्या पलीकडे पडते, म्हणजे ती शाबूत राहायची आणि तिच्यावरून बऱ्याच फाइल्स परत काढता यायच्या. फक्त घाईघाईत डिस्क फॉरमॅट मारली की तीही गेली.