भुंग्यावर माइट्स दिसले तर आधी डबा तपासा
(गेंडा भुंगे पाळणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

पावसाळा लागला की आमच्या जळगावच्या दुकानात एकच तक्रार वारंवार येते. एक आजोबा नातवाचा डबा छातीशी धरून आले आणि म्हणाले, "भाऊ, भुंगावर पीठ चालस!" वर्णन अगदी नेमकं होतं. भुंग्याच्या पायांच्या सांध्यांत, मानेच्या फटीत आणि पोटाखाली पिठासारखे कण होते, आणि ते हळूहळू सरकत होते.

हे कण म्हणजे माइट्स. शेतात आपण ज्याला लाल कोळी म्हणतो, त्याच्या कुळातले. कीटक नव्हेत, पूर्ण वाढलेल्या माइटला आठ पाय असतात. डब्यात बहुतेक वेळा सापडतात ते धान्यात, कोंड्यात आणि बुरशीवर जगणारे. भुंग्याच्या अंगावर चिकटलेली त्यांची अवस्था ही प्रवासाची असते. तिला खाताच येत नाही. डब्यात गर्दी झाली की दुसऱ्या जागी जायला ती भुंग्यावर स्वार होते, जशी माणसं एसटीत बसतात. त्यामुळे चार-दोन कण दिसले म्हणून भुंगा मरत नाही. मात्र थर साचला तर चालणं जड होतं, आणि अंगाच्या बाजूला असलेली श्वासाची छिद्रं बुजू शकतात. तिथपर्यंत जाऊ देऊ नका.

पांढरे कण उड्या मारत असतील तर ते माइट्स नाहीत. ते स्प्रिंगटेल, बुरशी खातात, भुंग्याला त्रास देत नाहीत. त्यांना राहू द्या.

फवारणी करू नका

हे आम्ही हात जोडून सांगतो. घरात कापसाचं किंवा केळीचं औषध असतं, म्हणून कोळीनाशक मारण्याचा मोह होतो. माइट मारणारी बरीच औषधं भुंग्यालाही मारतात. निंबोळी तेलही नको, झुरळाचा स्प्रे तर त्या खोलीतही नको. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. हुमणीसाठी, म्हणजे पिकाची मुळं खाणाऱ्या अळीसाठी, शेतकरी शेणखतात मेटारायझियम ही कीड मारणारी बुरशी मिसळतात. गेंडा भुंग्याच्या अळीवरही हीच बुरशी वापरतात. भुंग्याच्या अळ्या खतातच वाढतात, म्हणून शेतावरून खत आणताना ती बुरशी मिसळलीय का, हे मालकाला विचारल्याशिवाय ते डब्यात भरू नका.

मग करायचं काय

भुंगा वेगळ्या, स्वच्छ डब्यात ठेवा. तळाशी किंचित ओला टिश्यू पुरे. चित्रकलेचा मऊ ब्रश साध्या पाण्यात बुडवून झटका आणि पायांचे सांधे, मान, पोट हळूच घासा. भुंगा पाण्यात बुडवून ठेवू नका. रोज थोडं थोडं, तीन-चार दिवस करा. पंखांची टणक झाकणं उचकटू नका.

पण खरं काम जुन्या डब्यात आहे. भुंगा दहा वेळा धुतला आणि खत तेच ठेवलं, तर आठवड्यात पुन्हा पीठ चालू लागतं. खतातल्या अळ्या आणि अंडी चमच्याने शोधून बाहेर काढा. अळीच्या अंगावरचे कण ब्रशने झटकून तिला ताज्या खतात ठेवा. कोषाची पोकळी दिसली तर तिला हात लावू नका. भुंगा बाहेर येईपर्यंत वाट पाहा आणि तोवर वरचाच थर बदला. अशी पोकळी नसेल तर सगळं खत टाकून द्या, डबा गरम पाण्याने धुऊन उन्हात कोरडा करा.

नवं खत आम्ही तापवूनच देतो. सुरुवातीच्या वर्षी आम्ही ते न तापवता भरलं होतं. त्या पावसाळ्यात आमच्याच पिशव्यांतून माइट्स ग्राहकांच्या घरी गेले. ती चूक आमची होती, आणि आजही ती मनाला लागते. घरी करणार असाल तर खानदेशचं ऊन तुमच्या बाजूचं आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा खत काळ्या प्लास्टिकवर पातळ पसरून दोन दिवस तापवा. पावसाळ्यात पातेल्यात चाळणी ठेवून अर्धा तास वाफवा. थंड झाल्यावरच पाणी शिंपडा. मूठ दाबली की गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळता कामा नये.

ओल आणि केळं

आपल्याकडे केळी मुबलक, म्हणून डब्यात अख्खं केळं टाकतात. त्याचा चिकट गर हीच माइट्सची खाणावळ. नखाएवढा तुकडा बाटलीच्या झाकणात ठेवा आणि २४ तासांत उचला. मात्र हेच केळं सापळा म्हणूनही चालतं. भुंगा बाहेर असताना सालीचा तुकडा रात्रभर खतावर ठेवा. सकाळी त्यावर कण गोळा झालेले असतात. पिशवीत बांधून घराबाहेर टाका. चार रात्रींत फरक कळतो.

उन्हाळ्यात डबा कूलरच्या झोतात ठेवू नका. पाण्याच्या कूलरने बंद खोलीत ओल साचते, आणि ओल हीच माइट्सची मूळ गरज. झाकणाच्या छिद्रांवर बारीक मलमल लावा. डबा गहू-ज्वारीच्या कोठीजवळ नको. तिथले माइट्स इकडे येतात, इकडचे तिकडे जातात. घरात दमा असेल तर जुनं खत मास्क लावून, घराबाहेर उपसा.

यावलच्या अभयारण्यातून पानांचा कुजका थर किंवा भुंगे आणू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे तो गुन्हा आहे. शिवाय त्या थरासोबत नवे माइट्स घरात येतात. पाळलेला भुंगा किंवा अळी बागेत सोडू नका. गेंडा भुंगा नारळाचा शेंडा पोखरतो, आणि शेजाऱ्याचं झाड आपल्या हौसेपायी जायला नको.

अंगावर मोठे, तपकिरी, पळणारे माइट्स दिसले, किंवा आठवडाभर सफाई करूनही थर परत येत असेल, तर भुंगा डब्यासकट दुकानात आणा. सोबत चमचाभर जुनं खत बंद पिशवीत असू द्या. आम्ही ते भिंगाखाली बघून काय आहे ते तुमच्यासमोर दाखवू. त्याचे पैसे घेत नाही.