हॉल कुणाचा, भाडं कुणाचं? ब्रिटनमधल्या दक्षिण आशियाई कलामंचाची पार्श्वभूमी

मराठी रसिकांपैकी बऱ्याच जणांना ‘दरबार’ या ब्रिटनमधल्या संगीत महोत्सवाचं नाव यूट्यूबमुळे माहीत झालं. अश्विनी भिडे-देशपांडे किंवा मंजिरी असनारे-केळकर यांचा ख्याल शोधायला जावं, तर हमखास एखादं ‘दरबार’चं ध्वनिचित्रण समोर येतं. आवाज स्वच्छ, कॅमेरा तंबोऱ्यांवर रेंगाळणारा. मैफल मात्र पुण्यातली नसते, दादरचीही नसते. ती विलायतेत झालेली असते. आज हे कुणाला नवल वाटत नाही. पण इथवर यायला शंभरेक वर्षं लागली. या शंभर वर्षांत कलेच्या गुणवत्तेवर वाद फारसे झाले नाहीत. हॉल कुणाचा आणि भाडं कोण भरणार, यावर मात्र पुष्कळ झाले.

सुरुवात पाहुणचाराने झाली. उदय शंकर लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले होते. रशियन बॅलेरिना अॅना पावलोवाने त्यांना हेरलं आणि १९२३ साली कॉव्हेंट गार्डनच्या रंगमंचावर ते तिच्याबरोबर कृष्ण म्हणून नाचले. पुढे डेव्हनमधल्या डार्टिंग्टन हॉलने त्यांना आसरा दिला. या संस्थेचे लेनर्ड एल्महर्स्ट रवींद्रनाथांच्या श्रीनिकेतनात काम करून आलेले, त्यामुळे भारताबद्दल ओढ होतीच. १९३९ मध्ये बंगळुरूचे राम गोपाल ऑल्डविच थिएटरमध्ये नाचले आणि लंडनच्या समीक्षकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. पण प्रेक्षक, पैसा आणि थिएटर, तिन्ही इंग्रजांचं. भारतीय कलावंत तिथे मानाचा पाहुणा होता. घर त्याचं नव्हतं.

लंडनमध्ये भारतीयांच्या संस्था तेव्हा अजिबातच नव्हत्या असं मात्र नाही. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं. पण मंडळ हे आपल्या माणसांनी आपल्या माणसांसाठी चालवलेलं. बाहेरच्या श्रोत्यापर्यंत जायचा त्याचा हेतूही नव्हता.

तो हेतू धरला अयाना आंगडी नावाच्या एका विलक्षण गृहस्थाने. जन्म तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या कन्नड मुलखातला, राहायला लंडनमध्ये, डोक्यात डावं राजकारण. पत्नी पॅट्रिशिया श्रीमंत इंग्रज घरातली, चित्रकार. या जोडप्याने १९४६ मध्ये ‘एशियन म्युझिक सर्कल’ काढलं आणि फिंचलीतलं त्यांचं घर हेच सर्कलचं कार्यालय, तालमीची खोली आणि अतिथिगृह झालं. व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन पुढे सर्कलचे अध्यक्ष झाले. पुण्याचे बी. के. एस. अय्यंगारही मेन्युहिन यांच्या ओळखीतून लंडनला गेले आणि साठच्या दशकात त्यांचे तिथले योगवर्ग सर्कलच्या आधाराने चालले. पुण्यातून योग जगभर गेला असं आपण अभिमानाने सांगतो, त्यात फिंचलीच्या या घराचं नाव सहसा कुणी घेत नाही.

१९६५ मध्ये बीटल्सच्या एका ध्वनिमुद्रणाच्या वेळी जॉर्ज हॅरिसनच्या सतारीची तार तुटली. लंडनमध्ये सतारीची तार आणायची कुठून? ती आंगडींकडून आली. पुढच्याच वर्षीच्या ‘रिव्हॉल्व्हर’ या अल्बमसाठी तबलजीही सर्कलनेच पुरवला: अनिल भागवत. त्यांचं नाव अल्बमच्या वेष्टनावर छापलं गेलं. १९६७ च्या अल्बममध्ये दिलरुबा, तंबोरा आणि तबला वाजवणाऱ्यांच्या वाट्याला मात्र तेवढंही आलं नाही. अण्णा जोशी, अमृत गज्जर, बुद्धदेव कंसारा, नटवर सोनी ही नावं कितीतरी वर्षांनी अभ्यासकांनी शोधून काढली. जगातल्या सर्वाधिक ऐकल्या गेलेल्या तबकड्यांपैकी एकीवर वाजवायचं आणि श्रेयनामावलीत जागा नाही! साठचं दशक संपता संपता सर्कलचीही घडी विस्कटली. एका घराच्या उत्साहावर चाललेल्या संस्थेचं बहुधा असंच होतं.

एव्हाना ब्रिटनमधला भारतीय-पाकिस्तानी समाज पार बदलला होता. जालंधरच्या दोआबातून, मीरपूरमधून, सिल्हेटमधून माणसं कापड गिरण्यांत आणि ओतशाळांत कामाला आली होती. त्यांना मेन्युहिन माहीत असण्याचं कारण नव्हतं. रविवारी भाड्याने घेतलेल्या थिएटरात हिंदी सिनेमा बघणं हा त्यांचा सांस्कृतिक कार्यक्रम. साउथॉलच्या इंडियन वर्कर्स असोसिएशनने तर कामगारांच्या वर्गणीतून डॉमिनियन हे सिनेमागृह विकतच घेतलं. या सगळ्या इतिहासातली सर्वांत शहाणपणाची खरेदी मला हीच वाटते. कामगारांनी भाडं भरणं बंद केलं आणि किल्ल्या आपल्या खिशात ठेवल्या.

१९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकललं आणि त्यांतले सुमारे २७ हजार ब्रिटनमध्ये आले. लेस्टर शहराच्या कौन्सिलने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन ‘आमच्याकडे येऊ नका’ असं कळवलं होतं. लोक तरीही तिथेच गेले, मुख्यतः गुजराती. बरोबर दुकानदारी आणली, गरबाही आणला. दोनच वर्षांनी, १९७४ मध्ये, लता मंगेशकर रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये गायल्या. समोरच्या खुर्च्यांवर पावलोवाचा काळ पाहिलेला प्रेक्षक नव्हता. दुकानं, गिरण्या आणि इस्पितळांतल्या पाळ्या सांभाळून आलेली माणसं होती.

तरी सरकारी दप्तरात या सगळ्याची नोंद नव्हती. ती झाली १९७६ मध्ये. नसीम खान या पत्रकार बाईंनी ब्रिटनभर फिरून स्थलांतरितांच्या कलांची पाहणी केली. ब्रिटन ज्या कलांकडे कानाडोळा करतं त्या कला, अशा अर्थाचं शीर्षक त्यांनी अहवालाला दिलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: या कला म्हणजे परक्यांचे छंद नव्हेत, त्या ब्रिटिश कलाच आहेत. तेव्हा तालमीची जागा, प्रशिक्षण आणि अनुदान यांवर त्यांचाही हक्क आहे. आज हे वाचताना साधं वाटतं. तेव्हा कलांना सरकारी अनुदान वाटणाऱ्या आर्ट्स कौन्सिलच्या हिशेबात ‘कला’ म्हणजे ऑपेरा, बॅले, नाटक. कथक-भरतनाट्यम फार तर ‘समाजकार्य’.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये साउथॉलमध्ये अठरा वर्षांच्या गुरदीप सिंग चग्गरचा वंशद्वेषातून खून झाला, तोही डॉमिनियनच्या परिसरातच. तरुण पेटून उठले. जतिंदर वर्मा आणि त्यांच्या मित्रांनी १९७७ मध्ये ‘तारा आर्ट्स’ ही नाटक कंपनी काढली ती या अस्वस्थतेतून. पहिलं नाटक घेतलं रवींद्रनाथांचं ‘विसर्जन’. रस्त्यावरच्या हिंसेला उत्तर म्हणून बळीप्रथेवरचं बंगाली नाटक इंग्रजीत करायचं, ही निवड दाद देण्यासारखी आहे. १९९० मध्ये याच वर्मांनी नॅशनल थिएटरमध्ये मोलियेरचं ‘तार्त्युफ’ बसवलं, तेही भारतीय ढंगात.

अहवालानंतर संस्था उभ्या राहू लागल्या. भारतीय विद्या भवनाने वेस्ट केन्सिंग्टनमध्ये चर्चची जुनी इमारत घेऊन वर्ग भरवले. तारा राजकुमार यांनी १९७९ मध्ये नृत्याची अकादमी काढली. १९८२ चा भारत महोत्सव दोन सरकारांनी मिळून थाटात केला. एम. एस. सुब्बुलक्ष्मी रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये गायल्या. पण तो पुन्हा पाहुण्यांचा सोहळा होता. कलावंत विमानाने आले आणि विमानाने गेले.

तिथल्याच मातीतलं जे होतं ते दुपारी चालू होतं. शब्दशः दुपारी. ऐंशीच्या दशकात ‘आलाप’, ‘हीरा’ असे भांगडा बँड गाजत होते आणि त्यांच्या कॅसेटी मिठाईच्या व किराणा दुकानांत खपायच्या. विक्रीची नोंद ठेवणारी यंत्रणा त्या दुकानांपर्यंत पोहोचतच नव्हती, म्हणून लोकप्रियतेच्या अधिकृत यादीत त्या दिसायच्या नाहीत. रात्री घराबाहेर राहायची परवानगी नसलेल्या मुलामुलींसाठी मोठमोठ्या डान्स हॉलमध्ये दुपारचे कार्यक्रम ठेवले जात. त्यांना ‘डेटायमर’ म्हणत. मुली शाळेच्या गणवेशात घरून निघायच्या, हॉलच्या बाथरूममध्ये कपडे बदलून नाचायच्या आणि संध्याकाळी दप्तर घेऊन वेळेत घरी. या कार्यक्रमांना ना अनुदान होतं, ना समीक्षक. तिकिटं मात्र संपायची.

स्थानिक कौन्सिलच्या पैशातून उघड्या मैदानावर सगळ्यांना एकत्र आणणारा प्रकार म्हणजे मेळा. ब्रॅडफर्डचा मेळा १९८८ मध्ये सुरू झाला. ग्लासगो युरोपची सांस्कृतिक नगरी ठरली त्या १९९० साली तिथे, मग १९९५ मध्ये एडिनबर्गला, २००३ मध्ये लंडनच्या गनर्सबरी पार्कात. एका टोकाला कव्वाली, दुसऱ्या टोकाला भांगडा, मध्ये भाजलेली कणसं आणि बँकेचे स्टॉल. शास्त्रीय संगीतवाले मेळ्याला नाकं मुरडतात. पण पाकिस्तानी, भारतीय आणि बांगलादेशी कुटुंबं एकाच गवतावर बसून एकच गाणं ऐकताहेत, असं दृश्य त्यांच्या मायदेशात किती ठिकाणी दिसेल?

नृत्याला दुसऱ्या वाटेने मान्यता मिळाली: परीक्षांतून. १९९९ नंतर कथक आणि भरतनाट्यम ब्रिटनमधल्या एका मोठ्या नृत्यपरीक्षा मंडळाच्या अभ्यासक्रमात आले. आपल्याकडे गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांना जे महत्त्व, तसंच काहीसं. प्रताप पवार यांच्याकडे कथक शिकलेला बांगलादेशी घरातला अक्रम खान २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनात नाचला, तेव्हा समालोचकांना त्याची ओळख ‘भारतातून आलेला’ अशी करून देता आली नसती. तो लंडनमध्येच जन्मलेला.

आणि ‘दरबार’? लेस्टरमध्ये भाई गुरमीतसिंग विर्दी यांनी कित्येक मुलांना तबला शिकवला. त्यांच्या पश्चात, २००६ मध्ये, मुलगा संदीप यांनी त्यांच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला. पुढे तो लंडनच्या साउथबँक सेंटरमध्ये आणि नंतर बार्बिकनमध्ये गेला. त्याने केलेली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते: सकाळच्या मैफली. विलायतेत मैफल म्हणजे संध्याकाळी साडेसात ते दहा, त्यामुळे श्रोत्यांच्या वाट्याला यमन, बागेश्री, दरबारी हेच यायचे. तिथे वाढलेल्या पिढीने ललत किंवा तोडी समोर बसून ऐकण्याचा योग दुर्मीळ. हॉल सकाळी उघडायला लावणं म्हणजे कर्मचाऱ्यांच्या पाळ्या, ध्वनिव्यवस्था, भाडं सगळंच बदलायला लावणं. ते करून घेण्याइतकं वजन आता आलं आहे.

मेळ्यांचं मात्र अवघड झालं. २०१० नंतर स्थानिक कौन्सिलांच्या तिजोऱ्या आटल्या आणि कात्री आधी मैदानावरच्या फुकट कार्यक्रमांना लागली. ज्या लेस्टरने ‘येऊ नका’ म्हटलं होतं, त्याच शहराने १९८३ पासून बेलग्रेव्ह रोडवरच्या दिवाळीच्या रोषणाईला हजारोंची गर्दी खेचणारा उत्सव बनवलं. गर्दी इतकी वाढली की २०२५ मध्ये सुरक्षेचं कारण देऊन तिथली आतषबाजी आणि रंगमंचावरचे कार्यक्रम काढून टाकण्यात आले. दिवे तेवढे ठेवले. नवरात्रीचा गरबा मात्र शाळांच्या आणि समाजमंदिरांच्या हॉलमध्ये चालूच आहे. तिकिटं मंडळांची, पावतीपुस्तकंही मंडळांचीच.